प्लेटलेटचा आकडा आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

पोळा होतो, गणपती बसतात आणि रावेर तालुक्यात तापाचे दिवस सुरू होतात. पाऊस थांबून थांबून पडतो, दुपारी ऊन चटकतं, केळीच्या बागांत दमट हवा कोंडून राहते. सावदा, निंभोरा, चिनावल, ऐनपूर, खिरोदा, कोणत्याही गावच्या दवाखान्यात जा, बाहेरच्या बाकावर अंगावर चादर घेऊन बसलेली माणसं दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. संध्याकाळी कागद हातात येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं: प्लेटलेट ७० हजार.

तिथून पुढे घराची झोप उडते. कागदाचा फोटो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना जातो. कोणी पपईचा पाला आणायला शेतात धावतं, कोणी किवी आणायला जळगावला निघतं, कोणी रक्तपेढीत ओळख काढतं. ही धावपळ मायेपोटीच होते. पण तिच्यात एक गोष्ट राहून जाते. रुग्ण किती पाणी प्यायला, त्याला लघवी कधी झाली, हातपाय गरम आहेत की गार, याकडे कोणाचं लक्ष उरत नाही. आणि डेंग्यूच्या तापात माणसाचा जीव वाचतो तो नेमका या लक्ष देण्यानं.

आकडा कशाचा

रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि प्लेटलेट म्हणजे बिंबिका रक्त गोठवायला मदत करतात. आपल्याकडे पुष्कळदा प्लेटलेटलाच ‘पांढऱ्या पेशी’ म्हटलं जातं. त्या दोन्ही वेगळ्या आहेत. डेंग्यूत मात्र दोन्ही कमी होतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

रक्तवाहिनीला कुठे इजा झाली की प्लेटलेट तिथे चिकटतात आणि रक्त थांबवण्याची सुरुवात करतात. हे त्यांचं काम इटलीतले जूलियो बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखवून दिलं. हाडांच्या पोकळीतल्या मगजात त्या तयार होतात, आठ-दहा दिवस जगतात आणि रोज नव्या येत राहतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात.

विषाणूचा ताप आला की हा साठा दोन्हीकडून घटतो. मगजाचं उत्पादन काही दिवस मंदावतं. दुसरीकडे, विषाणूशी लढायला शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं प्लेटलेटनाही चिकटतात आणि त्या लवकर नष्ट होतात. हे केवळ डेंग्यूत होतं असं नाही. साध्या विषाणूजन्य तापात, चिकुनगुनियात, मलेरियातही प्लेटलेट उतरतात. ताप ओसरला की मगज पुन्हा कामाला लागतो आणि आकडा आपोआप वर चढतो. चढायला लागला की दोन-तीन दिवसांत ३० हजारांचे लाखभर होताना दिसतात.

आकडा मोजण्यातही चूक होऊ शकते. रक्ताचा नमुना ज्या रसायनाच्या नळीत घेतात, त्या नळीत काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्राला तो गठ्ठा एकच वाटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून रुग्ण ठणठणीत दिसत असताना कागदावर फारच कमी आकडा आला, तर काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी खात्री करून घ्यावी लागते. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत सकाळ-संध्याकाळ मोजून पाच-दहा हजारांच्या फरकावर आनंद किंवा घबराट करण्यात अर्थ नसतो. तेवढा फरक मोजणीतही पडतो.

खरा धोका झिरपण्याचा

डेंग्यू गंभीर होतो तेव्हा मुख्य बिघाड रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात होतो. ते अस्तर काही काळ गळकं बनतं. रक्तातल्या पेशी वाहिनीतच राहतात, पण रक्तातलं पाणी आणि प्रथिनं, म्हणजे रक्तद्रव, बाहेर झिरपून पोटाच्या आणि फुप्फुसांभोवतीच्या पोकळीत साचतं. वाहिन्यांत उरतं ते घट्ट झालेलं आणि कमी पडणारं रक्त.

केळीला ठिबक केलेल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. नळीला जागोजागी बारीक चिरा पडल्या तर मोटार चालू असूनही ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी पोहोचत नाही. शरीरातही हृदय जोरानं धडधडत असतं, पण शेवटच्या टोकांना, म्हणजे हातापायांना रक्त कमी पडतं आणि ते गार पडतात. मूत्रपिंडाला कमी पडतं म्हणून लघवी कमी होते. मेंदूला कमी पडतं म्हणून माणूस सुस्त किंवा बेचैन होतो. वेळेवर योग्य प्रमाणात द्रव मिळाला नाही, तर शेवटी रक्तदाब कोसळतो. डेंग्यूतले बहुतेक मृत्यू या वाटेनं होतात. मोठा रक्तस्रावही बऱ्याचदा अशा लांबलेल्या अवस्थेनंतर सुरू होतो.

फसवणूक अशी की या अवस्थेच्या सुरुवातीला रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो. रक्तदाबाचा वरचा आकडाही टिकून असतो. पण वरचा आणि खालचा आकडा जवळजवळ येऊ लागतात. रक्तदाब १०० वर ८० दिसला तर ‘शंभर आहे, ठीक आहे’ असं म्हणून चालत नाही. दोन आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, की तो धोक्याचा इशारा असतो आणि रुग्णाला तातडीनं रुग्णालयातले उपचार लागतात.

झिरपणं कळण्यासाठी रक्ताच्या त्याच कागदावर आणखी एक आकडा असतो: हिमॅटोक्रिट, काही कागदांवर पीसीव्ही. रक्तात पेशींचा वाटा किती टक्के आहे ते तो सांगतो. पाणी बाहेर गेलं की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. ४० वरून ४८ वर गेला म्हणजे २० टक्क्यांची वाढ झाली, आणि तेवढी वाढ म्हणजे रक्तद्रव झिरपत असल्याची स्पष्ट खूण. म्हणून प्लेटलेट खाली आणि हिमॅटोक्रिट वर, ही जोडी डॉक्टर सर्वांत गांभीर्यानं घेतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा रक्त तपासलेलं असेल तर नंतरची वाढ ओळखता येते. तो पहिला कागद जपून ठेवावा.

ताप उतरला, आता खरी राखण

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. अंग मोडून येतं, डोळ्यांमागे ठणकतं, सांधे आणि पाठ दुखते, मळमळतं. मग एके सकाळी ताप उतरतो. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, रुग्णाला आंघोळ घालतात, पाहुणे परत जातात.

झिरपण्याचा काळ साधारण त्याच वेळी, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. बहुसंख्य रुग्ण त्यातून काही न होता बाहेर पडतात. थोड्यांची प्रकृती मात्र ताप नसतानाच बिघडते. ताप गेल्यावर भूक लागली, चेहऱ्यावर टवटवी आली, तर तो बरा होतोय. ताप गेला पण माणूस अधिकच गळून गेला, तर तो धोक्यात आहे.

या दिवसांत पुढील खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. पोटात सतत दुखणं किंवा पोट दाबल्यावर कळ येणं. वारंवार उलट्या होणं. हिरड्यांतून, नाकातून रक्त येणं, काळी शौच होणं, पाळीत नेहमीपेक्षा फार रक्तस्राव होणं. श्वास लागणं, पोट फुगणं. हातपाय गार आणि घामट पडणं. चार-सहा तासांत लघवी न होणं. फार सुस्ती किंवा विनाकारण चिडचिड, लहान मूल असेल तर सारखं किरकिरणं. यातली एक जरी खूण दिसली, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात न्यावं. तेव्हा प्लेटलेट ९० हजार असल्या तरी थांबू नये. उलट यातलं काहीच नसेल, रुग्ण खात-पीत असेल, तर ४० हजारांचा आकडा एकट्यानं फारसं काही बिघडवत नाही.

गर्भवती, तान्ही मुलं, वृद्ध, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांना पहिल्यापासूनच डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं. ज्यांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्यांनीही जपावं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाल्यावर त्या एका प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

घरातले उपचार

डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध अजून नाही. प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग होत नाही आणि स्टेरॉइडनंही फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. उपचार म्हणजे द्रव, विश्रांती, तापासाठी पॅरासिटामॉल आणि देखरेख.

नुसतं साधं पाणी भरपूर पाजण्यापेक्षा मीठ-साखर असलेले द्रव द्यावेत. ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजावी. नारळपाणी, पातळ ताक, तांदळाची पेज, वरणाचं पाणी, लिंबू-साखर-मिठाचं सरबत, सगळं चालतं. उलटी होत असेल तर घोटघोट, चमच्यानं द्यावं. पुरेसं पोहोचतंय का याचं माप सोपं आहे: दर चार-सहा तासांनी फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी द्रवाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

खाण्यात मऊ खिचडी, भात, केळी, जे जाईल ते द्यावं. रावेरची केळी पचायला हलकी आणि ताकद देणारी आहेत, उलट्या-तापात कमी होणारं पोटॅशियमही त्यांतून मिळतं. महागडी किवी किंवा ड्रॅगन फ्रूट आणलंच पाहिजे असं काही नाही.

पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवावं, दिवसात चारपेक्षा जास्त घेऊ नयेत, मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच द्यावं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही सोबत देताना विचारून घ्यावं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं डेंग्यूचा संशय असताना घेऊ नयेत. ती प्लेटलेटचं काम बिघडवतात आणि जठरातून रक्तस्राव घडवू शकतात. अंगदुखीवर दुकानातून मागून घेतलेल्या गोळीत यांपैकी एखादं पुष्कळदा असतं. ‘एक सुई मारून द्या’ हा आग्रहही सोडायला हवा. प्लेटलेट कमी असताना कमरेत दिलेल्या इंजेक्शनच्या जागी रक्त साकळतं.

सलाईनचंही तसंच आहे. गरज असेल तेव्हा ते प्राण वाचवतं. मात्र तोंडानं व्यवस्थित पिणाऱ्या रुग्णाला बाटल्यांवर बाटल्या लावल्या, तर झिरपणारं पाणी वाढतं. शिवाय बरं होताना बाहेर गेलेला द्रव वाहिन्यांत परत येतो, तेव्हा आधीच भरलेल्या शरीरात तो फुप्फुसांवर भार टाकतो आणि धाप लागते. सलाईन किती, किती वेगानं आणि कधी बंद, हे हिमॅटोक्रिट आणि लघवी पाहून डॉक्टरांनी ठरवायचं असतं. ‘दोन दिवस ॲडमिट आहे, एकच बाटली का?’ असा दबाव नातेवाइकांनी आणू नये.

प्लेटलेटची पिशवी आणि पपईचा पाला

प्लेटलेट २० हजारांवर आल्या की ‘चढवायच्या का?’ हा प्रश्न येतोच. रावेरच्या माणसासाठी तो म्हणजे जळगावची धावपळ, रक्तदाते जमवणं आणि मोठा खर्च. या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला आहे. सिंगापूर आणि मलेशियात २० हजारांपर्यंत प्लेटलेट उतरलेल्या ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्णांची विभागणी करून एका गटाला खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. रक्तस्राव प्लेटलेट दिलेल्या गटात २१ टक्के, न दिलेल्या गटात २६ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकेल इतका लहान होता, आणि प्लेटलेट दिलेल्या गटात अंगावर पुरळ, ॲलर्जी यांसारखे त्रास अधिक झाले.

कारण उघड आहे. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच तापलेल्या लढाईत सापडतात आणि काही तासांत नष्ट होतात. झिरपणं त्यानं थांबत नाही. केंद्र सरकारच्या डेंग्यू उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्लेटलेट देण्याचा विचार होतो तो रक्तस्राव सुरू असेल तर, किंवा रक्तस्राव नसताना आकडा १० हजारांच्या खाली गेला तर. दान केलेल्या प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानात सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसच टिकतात. कर्करोगाच्या रुग्णांना त्यांची रोज गरज असते. एक पिशवी अनाठायी वापरली की दुसऱ्या कोणाचं तरी अडतं.

पपईच्या पाल्याच्या रसानं आकडा थोडा लवकर चढतो असं काही लहान अभ्यासांत आढळलं आहे. त्यानं रक्तस्राव किंवा मृत्यू टळतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही. कडू रसानं उलट्या वाढल्या, तर गरजेचं पाणीच पोटात राहत नाही. म्हणून पाल्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नये आणि उलटी होणाऱ्या रुग्णाला तो पाजू नये.

डेंग्यू आहे की आणखी काही

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं धरून चालणं धोक्याचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, पालसारख्या भागात ये-जा असणाऱ्याला मलेरिया असू शकतो, आणि त्यावर हुकमी औषध आहे. चिखल-पाण्यात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. गवतात वावरणाऱ्याला बारीक किडीच्या अळीच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. काख, जांघ अशा झाकल्या जागी जळल्यासारखी काळी खपली ही त्याची खूण. विदर्भात २०१८ मध्ये त्याची साथ आली होती. लेप्टो आणि स्क्रब या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध चालतं, पण उशीर झाला तर जीव जातो. म्हणून प्लेटलेट मोजताना मलेरियाची तपासणी झाली का, हे विचारून घ्यावं.

डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत ‘एनएस१’ ही चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, तर पाच दिवसांनंतर ‘आयजीएम’ चाचणी प्रतिपिंडं शोधते. झटपट पट्टीवर आलेल्या निकालाला सरकारी यंत्रणा निश्चित निदान मानत नाही. एलायझा पद्धतीनं खात्री झाल्यावरच मानते. वर्तमानपत्रांत येणारा ‘डेंग्यूसदृश’ हा शब्द त्यामुळेच येतो. देशभरातल्या सरकारी केंद्रांना आयजीएमचे एलायझा संच पुरवते ती पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जी १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. चाचणी नकारार्थी आली तरी खुणा डेंग्यूच्या असतील तर देखरेख तशीच ठेवावी.

पाण्याच्या टाक्या, कूलर आणि कोरडा दिवस

डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं, तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं, आणि आपल्या भागात पाणी साठवणं ही सवय नसून गरज आहे. नळाला रोज पाणी नसलं की हौद, ड्रम, रांजण भरून ठेवावेच लागतात. खानदेशाच्या उन्हाळ्यात घरोघरी चालणारे कूलर पावसाळा लागला तरी तळाला पाणी घेऊन उभे असतात. गच्चीवरचे टायर, गुरांची हौदी, फ्रिजमागची ताटली, कुंड्यांखालच्या बशा ही बाकीची ठिकाणं. एडिसचाच एक भाऊबंद झाडांच्या ढोलीत आणि पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यातही वाढतो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळला तर ही साखळी तुटते. मात्र भांडं नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या निघतात. काथ्यानं किंवा ब्रशनं आतून घासून काढणं हाच उपाय. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांना घट्ट झाकण किंवा कापड बांधावं, नाहीतर गप्पी मासे सोडावेत. आशा सेविका किंवा आरोग्य सेवक टाक्या तपासायला, ॲबेट हे अळीनाशक टाकायला आले तर त्यांना आत येऊ द्यावं. धुरानं उडते डास मरतात, पण अळ्या तशाच राहतात. त्यामुळे ग्रामपंचायतीकडे धूर फवारणीची मागणी करतानाच नळाच्या पाण्याच्या वेळापत्रकाची मागणीही तितक्याच जोरानं करायला हवी.

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी अधिक. तापाच्या पहिल्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात भरपूर विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना लागण देतो. तेव्हा रुग्णानं दिवसाही मच्छरदाणीत झोपावं. शेजाऱ्यांची काळजी घेण्याचा हाही एक मार्ग आहे.

थायलंडमध्ये १९५८ साली बँकॉकला गंभीर डेंग्यूची पहिली मोठी साथ आली, तेव्हा रुग्णालयात आलेल्या मुलांपैकी १० टक्क्यांहून अधिक दगावली. तिथल्या डॉ. सुचित्रा निम्मान्नित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून हा आजार दिवसागणिक नोंदवला, झिरपण्याचा काळ ओळखला आणि द्रव देण्याची शिस्त घालून दिली. पुढे तिथलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. नवं औषध त्यासाठी लागलं नाही. लागलं ते रक्तदाबाचं यंत्र, हिमॅटोक्रिटची तपासणी, योग्य वेगानं दिलेलं सलाईन आणि जागी माणसं. यातलं बरंचसं तालुक्याच्या पातळीवर जमण्यासारखं आहे. घरच्यांनी त्यात आपला वाटा उचलायचा तो एका वहीच्या पानावर: ताप किती, काय आणि किती प्यायलं, लघवी कधी झाली, उलटी किती वेळा. हे पान दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांना प्लेटलेटच्या कागदापेक्षा अधिक काही कळतं, आणि कोणत्या रुग्णाला तातडीनं जळगावला हलवायचं व कोणाला निर्धास्तपणे घरी ठेवायचं, हा निर्णय वेळेत होतो.